रस्त्याकडं तोंड केलेलं सोलर

एखादी वस्तू कशाच्या उपयोगाची, हे आण्णा चेअरमननी जन्मात कधी कुणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा, ‘‘सबसिडी किती हाय?’’ बँकेत, ग्रामपंचायतीत, खताच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. सबसिडी आहे म्हटलं की त्यांचा हात आपोआप नेहरू शर्टाच्या वरच्या खिशाकडे जायचा. त्या खिशात आधार कार्डाची झेरॉक्स, सातबाऱ्याचा उतारा आणि दोन पासपोर्ट फोटो कायम असत. माणसं खिशात तंबाखू ठेवतात, आण्णा स्वतःचे फोटो ठेवत. ‘‘योजना काय सांगून येतीया व्हय?’’ असं त्यावर त्यांचं उत्तर असे.

आमची आणि त्यांची भिंत एक. मुडशिंगीच्या मुख्य रस्त्यावर त्यांचं दुमजली स्लॅबचं घर आणि त्याला चिकटून आमचं पत्र्याचं. आण्णा फार वर्षांपूर्वी गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, तेही एकाच टर्मला. ती संस्था पुढं बुडाली की बुडवली यावर गावात अजून दोन मतं आहेत, पण ‘चेअरमन’ हा शब्द आण्णांच्या अंगावर राहिला तो राहिलाच. त्यांनीही तो कधी उतरवला नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, ते बाहेरच्या माणसासमोर ‘‘आमची मंडळी’’ म्हणत आणि घरात ‘‘अगं ए’’.

त्यांच्या मागच्या अंगणात सवलतीत आलेल्या वस्तूंचं प्रदर्शनच होतं. गोबरगॅसची टाकी होती, तिच्यात काकींच्या कोंबड्या राहत. ठिबकच्या नळ्या होत्या, त्यांवर कपडे वाळत. कडबाकुट्टीचं यंत्र आलं तेव्हा गोठ्यात एकच म्हैस होती, तीही भाकड. पुढं म्हैस गेली, यंत्र राहिलं. मी एकदा विचारलं, ‘‘आण्णा, ह्यात कापता काय?’’ तर म्हणाले, ‘‘कापायचं काय हाय त्यात? निम्म्या किमतीत आलंय ते!’’ निम्म्या किमतीत आलेली बिनकामाची वस्तू ही पूर्ण किमतीचं नुकसान असते, हे त्यांना ब्रह्मदेव आला असता तरी पटवू शकला नसता.

एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारे, त्यांना कॉलेज म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. दहावीचा निकाल लागल्यावर आण्णांना कुठून तरी कळलं की मला फी माफ आहे. ते सकाळी सातला दारात हजर. ‘‘फुकट हाय? मग बसलीयास काय? आर्ट बी घे, सायन्स बी घे!’’ दोन्ही घेता येत नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं. मला त्यांच्या मोपेडवर मागं बसवून ते कोल्हापूरला घेऊन गेले आणि कॉलेजच्या खिडकीत, ‘‘पावणं, आमच्या पोरीची सवलत कुटं मिळती?’’ असं एवढ्या मोठ्यानं विचारलं की अख्खी रांग वळून बघायला लागली. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आज हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. मोपेडचं श्रेय आण्णांचं. परीक्षा मी दिल्या. पण गावात ते सांगत, ‘‘ही बाई? सबसिडीवर शिकलीया!’’ एकदा पारावर चारचौघांत असंच म्हणाले, तेव्हा मीही सोडलं नाही. ‘‘आण्णा, मी सवलत घेतली आणि तिचं काहीतरी केलं. तुमची कडबाकुट्टी अजून बघतीय कडब्याची वाट.’’ पारावरची माणसं हसली. आण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले. टोमणा आपल्याला लागतो हे त्यांना मान्यच नव्हतं.

मग गच्चीवरच्या सोलरची योजना आली. घराच्या छपरावर पॅनेल बसवायचे, दिवसा तयार झालेली वीज मीटरमधून बाहेर पाठवायची, ती बिलातून वजा होते. आणि सगळं बसवून तपासणी झाली की सरकार खर्चातला मोठा वाटा आपल्या बँक खात्यात जमा करतं. योजनेत खोट नव्हती, हे मी स्पष्ट सांगते. आमच्या शाळेतल्या दोघांनी पॅनेल बसवले आणि ते सुखात आहेत. खोट होती ती आण्णांच्यात. त्यांनी पारावर योजना समजावून सांगितली ती ऐकण्यासारखी होती. त्यात वीज हा शब्दच आला नाही. ‘‘जेवढं पॅनेल चढवशीला तेवढी सबसिडी, पर तीन किलोवॅटच्या म्होरं सरकारचा हात आखडतोय. म्हणून तीनच बशिवणार. चौथा कोण बशिवतंय? आपल्या पैशानं?’’ म्हणजे घराला वीज किती लागते याचा हिशेब नाहीच. सरकारचा हात जिथं थांबतो तिथं आण्णांची गरज थांबते. कुणीतरी म्हणालं, ‘‘आण्णा, आमचं पत्र्याचं घर हाय.’’ त्याच्याकडे त्यांनी अशा नजरेनं बघितलं की त्या बिचाऱ्याला आपण जन्मालाच चुकीच्या घरात आलो असं वाटावं.

आता त्या गच्चीचं सांगते, कारण खरा प्रश्न तिचा होता. ती गच्ची काकींची होती. कागदावर नव्हे, पण गावाच्या डोळ्यांत काकींचीच. माघ संपला की तिच्यावर मिरच्या पडायच्या. देठ खुडलेल्या, पसरलेल्या, दिवसातून दोनदा हातानं हलवलेल्या. रस्त्यावरून बघितलं तर घराला लाल टोपी घातल्यासारखं दिसायचं. काकींच्या कांदा-लसूण चटणीला कोल्हापुरातून गिऱ्हाईक येई, मुरगूडच्या एका दुकानदाराची कायमची मागणी असे. तो त्यांचा स्वतःचा पैसा. नवऱ्यापुढं हात न पसरता त्यांनी दोन लेकींची बाळंतपणं त्यातून केली होती. काकी सांगायच्या, ‘‘मला गच्ची हाय तवर मी कुणाची मिंदी न्हाय.’’

आण्णांनी पॅनेलसाठी आधी भरायचे पैसे त्यांच्याकडूनच घेतले. काकींनी विचारलं, ‘‘आन् माज्या मिरच्या?’’

‘‘सबसिडी आली की तुला वाळवणाचं मशीन आणतोय. लायट फुकट, मशीन फुकटात पडल्यागत. तू नुसतं बटन दाबायचं, महाराणीगत.’’

सोलरचा इंजिनिअर आला तेव्हा काकींनी मला मुद्दाम हाक मारली. तो इचलकरंजीकडचा, समजूतदार माणूस होता. त्यानं गच्ची बघितली, मग मागं जाऊन रिकामा गोठा बघितला आणि खूश होऊन वर आला. ‘‘चेअरमन, तुमचा गोठाच एक नंबर हाय. पत्र्याचा उतार दक्षिणेकडं, सावली कसली न्हाय. पॅनेल तिथं बसवू. गच्ची पण मोकळी राहील.’’

काकींचा चेहरा उजळला. आण्णांचा काळा पडला.

‘‘गोठ्यावर? सोलर म्हंजे काय कडबा हाय व्हय, गोठ्यावर टाकायला? आन् मागं हाय कोण? उसाचं रान. ऊस बगणार व्हय माजं सोलर?’’

‘‘बघायला नव्हे हो, उन्हासाठी. तोंड दक्षिणेला पाहिजे.’’

‘‘ऊन सगळीकडं पडतंय लगा. रस्ता एकाच बाजूला हाय.’’

रस्ता घराच्या उत्तरेला होता. आण्णांना पॅनेल गच्चीवर पाहिजे होते, रस्त्याकडं तोंड करून, आणि तेही झोपलेले नव्हे. ‘‘फ्लेक्सगत उभं कर. स्टॉपवर एस.टी. थांबली की खिडकीतनं दिसलं पायजे.’’ आमच्याकडे कुणाच्या पोराचा वाढदिवस असला तरी चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर वीस-पंचवीस तोंडं असतात. आण्णांचं तोंड त्यात कायम, पण अलीकडे ते खालच्या ओळीत, अंगठ्याएवढं होत चाललं होतं. त्याचा त्यांना सल होता. गच्चीवरचे पॅनेल हा त्यांच्या मते असा फ्लेक्स होता जो पावसात फाटत नाही आणि ज्याला सरकार पैसे देतं.

इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘‘आण्णा, बारा वाजत आलेत. जरा उन्हात उभे राहा. तुमची सावली कुठं पडतीय बघा.’’

ते उभे राहिले. सावली उत्तरेला, रस्त्याकडं पडली होती.

‘‘मग?’’

‘‘मग सूर्य दक्षिणेला आहे. वर्षातले बहुतेक दिवस आपल्याकडं तो दक्षिणेलाच कलतो. उभ्या पॅनेलचं तोंड उत्तरेला केलंत तर थंडीत त्याच्या पाठीला ऊन मिळेल.’’

आण्णांनी सावलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘‘बाई, तुजा भूगोल शाळेत चालतोय. हितं चेअरमनचं घर हाय. आन् दक्षिणंला तोंड करून बसायला मी काय मेलोय व्हय?’’

इंजिनिअर म्हणाला, ‘‘गच्ची तुमची, पैसा तुमचा.’’ दोन्ही काकींचं होतं. पॅनेल दोन ओळींत उभे राहिले, वारं लागू नये म्हणून त्यांना मागून लोखंडी टेकू दिले आणि त्या टेकूंनी उरलेली गच्ची खाल्ली. मिरच्यांचा हंगाम अर्ध्यावर होता. काकींनी मिरच्यांची पोती उतरवली आणि आमच्या अंगणात आणली. आमचं अंगण केवढं? एक पलंग टाकला की संपलं. रस्त्याची धूळ, शेजारची कुत्री, येणारा-जाणारा. काकी दिवसभर काठी घेऊन बसून राहायच्या. मुरगूडच्या दुकानदारानं त्या वर्षी पहिल्यांदा माल परत पाठवला, चटणीत कचकच लागते म्हणून. काकींनी ते पोतं उघडलं, चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, ‘‘खरं हाय त्याचं.’’ एवढंच. मला त्या वेळी आण्णांच्या गच्चीवर दगड फेकावासा वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मे महिना संपत आला आणि एका दुपारी आण्णांनी भिंतीवरून आरोळी ठोकली. ‘‘ओ भूगोलवाल्या बाई! या वर!’’ मी गेले. ते भर उन्हात, अनवाणी, विजयी वीरासारखे उभे होते. त्यांची चिमुकली सावली दक्षिणेला, उसाकडं पडली होती. ‘‘कुटं गेला तुजा सूर्य? आला का न्हाय रस्त्याच्या बाजूला? चेअरमननं बलीवला की आला!’’ मी सांगायचा प्रयत्न केला की उन्हाळ्यात थोडेच दिवस असं होतं, पुढं दक्षिणायन लागलं की सूर्य परत फिरणार. ‘‘फिरू दे की. तवर सबसिडी जमा झालेली असती.’’ त्यांच्या दृष्टीनं सूर्याचं काम तपासणी होईपर्यंतच होतं.

सबसिडी जमा झाली. खरोखरच झाली, वेळेत झाली. आण्णांनी नृसिंहवाडीला जाऊन दत्ताला नारळ फोडला, पेढे आणले आणि चौकात स्वतःच्या खर्चानं स्वतःचा फ्लेक्स लावला: ‘शासकीय सबसिडी प्राप्त झाल्याबद्दल आण्णा चेअरमन यांचे हार्दिक अभिनंदन’. ह्या वेळी तोंड एकच, अख्ख्या फ्लेक्सभर. मग जेवण घातलं. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, तीन पंगती. तांबड्या रश्शाला चटणी कुणाची? काकींची. परत आलेल्या पोत्यातली नव्हे. घरच्यासाठी राखून ठेवलेली, चांगली. लोक भुरके मारत म्हणत होते, ‘‘चेअरमन, विषय हार्ड!’’ वाळवणाचं मशीन त्या तीन पंगतींत संपलं. मी आण्णांना वाढता वाढता विचारलं, ‘‘काकींच्या मशीनचं काय?’’ तर आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘त्येच्यावर बी योजना येणार हाय. विकत घेणारा येडा.’’

पावसाळा गेला, दिवाळी झाली आणि सूर्य माझ्या पुस्तकात लिहिलंय तसाच वागला. लायटीचं बिल पुन्हा फुगायला लागलं. आण्णांनी प्रथम मीटरला शिव्या घातल्या, मग ढगांना, मग समोरच्या आंब्याला. आंब्याच्या मालकाला फांद्या तोडायला लावल्या. शेवटी त्यांनी धुळीचा शोध लावला. पॅनेलवर धूळ बसते म्हणून वीज कमी येते. धूळ कुणी पुसायची? आण्णांच्या ‘मंडळींनी’. साठी ओलांडलेली ती बाई रोज सकाळी बादली घेऊन वर चढायची आणि सावलीतले पॅनेल धुवायची. एकदा मी वर गेले तर ओलं फडकं पिळत मला म्हणाल्या, ‘‘बग की बाय. मिरच्या वाळवत होतो तवा ही गच्ची मला पोसत होती. आता मी तिला आंगूळ घालतोय.’’

त्याच आठवड्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आण्णांकडं सगळ्यांसमोर काही मागितलं. इंजिनिअरला फोन करून त्यांनी विचारूनही ठेवलं होतं. एका दिवसात पॅनेल उतरवून गोठ्यावर बसतील असं तो म्हणाला होता. ‘‘हंगाम याच्या आदी फिरवू या की,’’ काकी म्हणाल्या. ‘‘मला गच्ची मिळंल, तुमचं बिल कमी हुईल.’’

आण्णांनी रस्त्याकडं बघितलं. मग खालच्या आवाजात, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, म्हणाले, ‘‘लोक काय म्हणतील? चेअरमनला कळलं न्हाय, म्हणतील. बाईला कळलं आन् चेअरमनला न्हाय.’’ आणि लगेच आवाज चढवून, ‘‘माजं सोलर रस्त्याकडं तोंड करूनच ऱ्हाईल. बिल भरायची धमक हाय चेअरमनच्यात!’’ बिल कोण भरत होतं ते सांगायची गरज नाही.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, एक स्टेंट टाकावा लागेल, सरकारी योजनेत होईल. आण्णांनी ऑक्सिजनची नळी बाजूला सारून विचारलं, ‘‘योजनेत किती बसत्यात?’’ डॉक्टरांना वाटलं माणूस भ्रमात बोलतोय. भ्रमात नव्हते, पूर्ण शुद्धीवर होते. खिशात फोटोही होते.

स्टेंट बसला, पण तब्येत सावरली नाही. एका संध्याकाळी मी भेटायला गेले तेव्हा काकी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. आण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘‘बिल आलं का?’’

‘‘कसलं? दवाखान्याचं का लायटीचं?’’

‘‘लायटीचं.’’

ते त्याच सकाळी आलं होतं. काकींच्या पिशवीत होतं आणि सगळ्या वर्षातलं सगळ्यांत मोठं होतं. काकींनी पांघरूण सारखं केलं. ‘‘शून्य आलंय,’’ म्हणाल्या.

आण्णांच्या तोंडावर जे हसू पसरलं ते मी विसरणार नाही. त्यांनी मान वळवून मला शोधलं. ‘‘बाई. ऐकलंस न्हवं?’’

‘‘ऐकलं आण्णा.’’ पृथ्वी फिरते, सूर्य कलतो, सगळं मला पाठ होतं. त्या दिवशी मी भूगोल शाळेतच ठेवला.

दोन दिवसांनी आण्णा गेले. गावातल्या पोरांनी श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स छापून आणला आणि तो लावायला जागा शोधली. एवढी उभी, रस्त्याकडं तोंड केलेली, स्टॉपवरून दिसणारी जागा अख्ख्या मुडशिंगीत एकच होती. त्यांनी तो पॅनेलांवरच बांधला. दिवसकार्य होईपर्यंत एस.टी.तली माणसं खिडकीतून आण्णांना बघत होती, आण्णा त्यांना बघत होते. तेवढे दिवस त्या पॅनेलांवर वीज तयार झाली नाही, आणि खरं सांगायचं तर फारसा फरकही पडला नाही. मी रस्त्यावर उभी राहून वर बघितलं आणि मला पटलं की हे सोलर अखेर ज्यासाठी बसवलं होतं त्याच कामाला आलं.

दिवस झाले. पाव्हणे परतले, लेकी सासरी गेल्या. त्यानंतर काकींनी फ्लेक्सच्या दोऱ्या स्वतः सोडल्या, फ्लेक्सची नीट घडी घातली आणि इंजिनिअरला फोन लावला. पॅनेल उतरले, टेकू निघाले, गोठ्याच्या पत्र्यावर सगळं उसाकडं तोंड करून बसलं. भावकीतले एकजण आले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, वर्ष तरी जाऊ द्यायचं. चेअरमनची आठवण होती ती.’’ काकी देठ खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘आठवण हाय तितंच हाय. मिरच्यास्नी ऊन पायजे.’’

परवा मी शाळेतून येत होते. गच्ची पुन्हा लाल झाली होती. स्टॉपवर उतरलेला एक ओळखीचा माणूस वर बघत उभा राहिला आणि गच्चीवरच्या काकींना ओरडून विचारू लागला, ‘‘काकी, सोलर दिसंना झालंय! चेअरमन गेले आन् इकलं व्हय?’’

काकींनी मिरच्या हलवता हलवता कमरेवर हात ठेवला आणि तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर दिलं.

‘‘इकलं न्हाय. कामाला लावलंय.’’